प्रोकॅल्सिटोनिन शंभराच्या वर: सेप्टिक शॉकच्या एका रुग्णाचा प्रकरण अभ्यास

रुग्ण ४७ वर्षांची स्त्री, वजन अंदाजे ४२ किलो. मूळ गाव बीड जिल्ह्यात, धारूर तालुक्यात. हंगामात नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जाते. या वेळी त्यांचा कोयता (ऊसतोडीची नवरा-बायकोची जोडी) लातूर जिल्ह्यातल्या एका कारखान्याच्या फडावर होता. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

तीन दिवस डाव्या कुशीत कळा आणि हुडहुडी भरून ताप. पहिले दोन दिवस ती तशीच मोळ्या बांधत राहिली, कारण खाडा पडला की पैसे कापले जातात. तिसऱ्या दिवशी जवळच्या दवाखान्यात इंजेक्शन आणि सलाईन झालं, तेवढ्यापुरतं बरं वाटलं. चौथ्या दिवशी सकाळी ती कोपीतून उठलीच नाही. हाक मारली की डोळे उघडायची, पण बोलणं असंबद्ध. मुकादमाच्या जीपमधून दुपारी लातूरला आणलं.

आमच्याकडे पोचली तेव्हा बीपी ७०/४०, नाडी १३२, श्वास मिनिटाला ३२, ताप १०३. गुडघ्यांवर जांभळट जाळी उमटलेली. बोटाचं टोक दाबून सोडलं की रंग परत यायला सहा सेकंद लागत होते. निरोगी माणसात हे दोन-तीन सेकंदांत होतं. कॅथेटर घातल्यावर चाळीस मिलि गढूळ, गडद लघवी निघाली. साखर ३१८. मधुमेह असल्याचं घरात कुणालाच माहीत नव्हतं.

पहिल्या तासात रक्त आणि लघवी कल्चरला पाठवली, मेरोपेनेम हे अँटिबायोटिक दिलं, किलोमागे ३० मिलि या हिशेबाने सव्वा लिटर रिंगर लॅक्टेट हे सलाईन सोडलं. बीपी उचलेना म्हणून हातातल्याच शिरेतून बीपी चढवणारं नॉरअ‍ॅड्रेनॅलिन सुरू केलं. सेंट्रल लाइनची, म्हणजे मोठ्या शिरेतल्या नळीची, वाट पाहत नॉरअ‍ॅड्रेनॅलिन अडवून ठेवण्याची जुनी सवय अजून पुष्कळ ठिकाणी दिसते, तिला आता आधार उरलेला नाही. खाटेवरच सोनोग्राफी केली. डावी किडनी फुगलेली, आत गढूळ द्रव. साध्या सीटीत मूत्रवाहिनीच्या वरच्या भागात नऊ मिलिमीटरचा खडा अडकलेला दिसला. म्हणजे बंद नळीच्या मागे पू साठलेला आणि तिथून जंतू थेट रक्तात. अशा संसर्गाने अवयव बिघडू लागले की त्याला सेप्सिस म्हणतात.

पहिल्या तपासण्या अशा आल्या. लॅक्टेट ७.८ मिलिमोल प्रति लिटर, पीएच ७.२१, पांढऱ्या पेशी ३,१००, प्लेटलेट ८४,०००, क्रिएटिनिन ३.१, बिलिरुबिन २.४, आयएनआर (रक्त गोठण्याचं माप) १.८, सीआरपी (दाहाचं माप) २८६, अल्ब्युमिन २.१, हिमोग्लोबिन ९.४. प्रोकॅल्सिटोनिन, म्हणजे जिवाणूंच्या संसर्गात रक्तात चढणारं मानक, बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवलं होतं, तो रिपोर्ट रात्री येणार होता.

द्रव पुरेसा देऊनही सरासरी रक्तदाब ६५ च्या वर ठेवायला औषध लागतं आणि लॅक्टेट २ च्या वर राहतं, तेव्हा २०१६ च्या व्याख्येप्रमाणे त्याला सेप्टिक शॉक म्हणतात. या दोन्ही अटी एकत्र पूर्ण होणाऱ्या रुग्णांतले शंभरातले चाळीसहून जास्त रुग्णालयातच दगावतात, असं ती व्याख्या ठरवताना तपासलेल्या नोंदींतून दिसलं होतं. सहा अवयवांना प्रत्येकी चारपर्यंत गुण देणारा सोफा गुणांक आमच्या रुग्णात १३ भरला. बेल्जियममधल्या एका आयसीयूतल्या ३५२ रुग्णांवरच्या २००१ च्या अभ्यासात ज्यांचा पहिला सोफा ११ च्या वर होता, त्यांच्यातले ऐंशी टक्क्यांहून अधिक मृत्यू पावले होते. तेव्हापासून आयसीयूतले उपचार बरेच सुधारले, म्हणून तो टक्का आजच्या रुग्णाला जसाच्या तसा लावू नये. तरी १३ हा आकडा दिलासा देणारा नव्हताच.

स्टेंट आणि त्यानंतरची रात्र

पू बाहेर काढल्याशिवाय कुठलंच अँटिबायोटिक पुरं पडणार नव्हतं. पाठीतून सुई घालून नळी टाकायची की लघवीच्या वाटेने स्टेंट, हा निर्णय रक्ताच्या रिपोर्टनेच करून दिला. आयएनआर १.८ आणि प्लेटलेट उतरणीला, अशा वेळी किडनीत सुई घालणं म्हणजे रक्तस्रावाला निमंत्रण. युरॉलॉजिस्टनी दाखल झाल्यापासून चार तासांच्या आत हलक्या गुंगीत डीजे स्टेंट (किडनीपासून मूत्राशयापर्यंतची आतली नळी) टाकला. तार खड्याच्या वर सरकली तसा पू बाहेर आला.

स्टेंटआधीचं, तिसऱ्या तासाचं लॅक्टेट ६.६ होतं. स्टेंटनंतर तासाभरात बीपी पुन्हा कोसळलं. असं होतं, दाबाखालचा पू हलला की जंतूंचा एक लोंढा रक्तात जातो. इकोमध्ये हृदयाचं आकुंचन ३५ टक्क्यांवर आलेलं. नॉरअ‍ॅड्रेनॅलिन वाढवलं, हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड सुरू केलं आणि हृदयाचा जोर कमी असल्याने अ‍ॅड्रेनॅलिनही जोडलं. रात्री आठव्या तासाचं लॅक्टेट ९.१ आलं. पाठोपाठ प्रोकॅल्सिटोनिनचा रिपोर्ट आला: १०० नॅनोग्रॅम प्रति मिलिपेक्षा जास्त. त्या यंत्राची मर्यादाच तेवढी होती. खाली छापलेल्या तक्त्यात १० च्या वरच्या रकान्यात गंभीर सेप्सिस किंवा सेप्टिक शॉक असं लिहिलेलं.

रिपोर्ट डॉक्टरच्या आधी नातेवाइकाच्या मोबाइलवर पोचतो, हे आता सगळीकडेच झालं आहे. तिचा भाचा मेडिकलवर कामाला होता. त्याने तो रकाना वाचला आणि बाहेर बसलेल्या सगळ्यांना सांगितला. साडेदहाच्या सुमाराला मुलगा आत आला. पोरगा विशीतला, मागे मामा आणि गावाकडून आलेले दोघे.

"साहेब, खरं खरं सांगा. शंभराच्या वर गेलंय म्हणतेत, दहाच्या वर गेलं की माणूस ऱ्हात नाही म्हणतेत. माय वाचंल का? नसंल वाचत तर घरला न्यावं म्हणतेत मंडळी. गाडी हाय खाली."

घरी न्यायचं म्हणजे तिने शेवटचा श्वास गावात घ्यावा. या मागणीला नावं ठेवायचं कारण नाही. परक्या गावात माणूस गेलं की देह नेण्याचा खर्च, कागद, धावपळ असते आणि ती सोसलेली माणसं प्रत्येक कुटुंबात असतात. प्रश्न एवढाच होता, की त्या रात्री हातात असलेल्या आकड्यांवरून ती जाणार असं म्हणता येत होतं का.

लॅक्टेट ९.१ म्हणजे काय

लॅक्टेट वाढतं ते पेशींना प्राणवायू पुरत नाही म्हणून, हे आपण सगळे शिकलो. सेप्सिसमध्ये ते अर्धंच खरं आहे. शरीरातलं अ‍ॅड्रेनॅलिन उसळलं की स्नायू साखर झपाट्याने जाळतात आणि प्राणवायू असतानाही लॅक्टेट बाहेर टाकतात. ते निवारायचं काम मुख्यतः यकृताचं, काही वाटा किडनीचा. यकृत दमलं की निचरा मंदावतो. म्हणून एकच ९.१ तीन वेगळ्या कारणांनी येऊ शकतं: ऊतींपर्यंत रक्त पोचत नाही, औषध लॅक्टेट बनवतंय, किंवा यकृत ते उचलत नाही. यातलं पहिलं कारण जीवघेणं. दुसरं तर आपणच पंपातून सोडत असतो.

आमच्या रुग्णाला स्टेंटनंतरच्या तासांत अ‍ॅड्रेनॅलिन सुरू झालेलं होतं. तेव्हा चढाचा किती भाग आजाराचा आणि किती औषधाचा, हे रक्तातून कळणार नव्हतं. ते खाटेजवळ जाऊन पाहावं लागलं. बोटाचा रंग परत यायला आता चार सेकंद लागत होते, दुपारी सहा लागले होते. गुडघ्यांवरची जाळी खाली सरकून फिकी झाली होती. लघवी तासाला वीसेक मिलि येऊ लागली होती. थोडी, पण दुपारी तीही नव्हती. नाव विचारलं तर तिने नीट सांगितलं. ऊतींना रक्त मिळत नसतं तर लॅक्टेटबरोबर हेही बिघडलं असतं.

बोट दाबून पाहण्याच्या या जुन्या तपासणीला २०१९ मध्ये लॅटिन अमेरिकेतल्या पाच देशांत झालेल्या अँड्रोमेडा-शॉक चाचणीने पुन्हा मान मिळवून दिला. सेप्टिक शॉकचे ४२४ रुग्ण होते. निम्म्यांचे उपचार लॅक्टेट उतरवण्यावर नजर ठेवून, निम्म्यांचे बोटाचा रंग परतण्याच्या वेळेवर. २८ दिवसांत पहिल्या गटात ४३.४ टक्के मृत्यू, दुसऱ्यात ३४.९ टक्के. संख्याशास्त्राच्या काटेकोर निकषावर हा फरक थोडक्यासाठी सिद्ध झाला नाही, पण बोटाची तपासणी लॅक्टेटपेक्षा कमी भरवशाची आहे असं त्यातून मुळीच निघत नाही. लॅक्टेटची सोय नसलेल्या तालुक्याच्या रुग्णालयात काम करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. सेकंदकाटा असलेलं घड्याळ पुरतं.

अर्थात लॅक्टेट मोजायचंच नाही असा याचा अर्थ नव्हे. अमेरिकेतल्या १११ रुग्णांवरच्या २००४ च्या अभ्यासात पहिल्या सहा तासांत लॅक्टेट जितकं जास्त उतरलं तितका मृत्यूचा धोका कमी दिसला: दर दहा टक्के उतारामागे सुमारे अकरा टक्क्यांनी. नंतरच्या पुष्कळ अभ्यासांची दिशा हीच आहे. मात्र हा हिशेब मांडताना नमुना कसा घेतला तेही पाहावं लागतं. रक्त नळीत तसंच पडून राहिलं की त्यातल्या पेशी साखर खाऊन लॅक्टेट बनवत राहतात. बर्फात न ठेवलेला, अर्ध्या तासाने यंत्रात गेलेला नमुना खोटं बोलतो. दंडाला पट्टा करकचून बांधून, मूठ उघडझाप करायला लावून घेतलेलाही.

एक शंका दर वेळी कुणीतरी काढतंच: रिंगर लॅक्टेट दिल्याने लॅक्टेट वाढलं असेल का? त्या सलाईनमध्ये लिटरला २८ मिलिमोल लॅक्टेट असतं, पण यकृत काम करत असेल तर ते ताबडतोब वापरलं जातं. सव्वा लिटरने आकडा ७ वरून ९ वर जात नाही.

शंभराच्या वरचं प्रोकॅल्सिटोनिन

आता तो भीतीदायक रिपोर्ट. जिवाणूंचा संसर्ग रक्तात पसरला की तीन-चार तासांत प्रोकॅल्सिटोनिन चढायला लागतं, साधारण दिवसभरात कळस गाठतं आणि संसर्ग आटोक्यात आला की दर चोवीस तासांनी निम्म्याने उतरतं. किडनी बिघडलेली असेल तर उतार थोडा संथ. ई. कोलायसारखे ग्राम-निगेटिव्ह जंतू रक्तात गेले की आकडा विशेष उंच जातो, आणि मूत्रमार्गातून आलेल्या सेप्सिसमध्ये शंभराच्या पुढे गेलेले रिपोर्ट आयसीयूतल्या प्रत्येकाने पाहिलेले असतात. गंमत अशी, की त्याच रुग्णांचा जगण्याचा हिशेब फुप्फुस किंवा आतड्यातून आलेल्या सेप्सिसपेक्षा बरा असतो. कारण उघड आहे. तुंबलेली किडनी एका नळीने मोकळी होते; सडलेलं आतडं किंवा पांढरं पडलेलं फुप्फुस तसं मोकळं करता येत नाही.

म्हणजे दाखल होतानाचा प्रोकॅल्सिटोनिनचा आकडा जंतूंचा भार किती ते सांगतो. माणूस जगेल की नाही यावर तो एकटा फारसं बोलत नाही. बोलतो तो त्याचा उतार. अमेरिकेतल्या तेरा केंद्रांवर झालेल्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पहिल्या चार दिवसांत ज्यांचं प्रोकॅल्सिटोनिन ८० टक्क्यांनी उतरलं नाही, त्यांच्यात २८ दिवसांतले मृत्यू २० टक्के होते. ज्यांचं उतरलं त्यांच्यात १०.

मी मुलाला जे सांगितलं ते साधारण असं: "दादा, मावशींचा आजार जिवावरचा आहे. अशा शंभर जणांतले चाळीस-पन्नास जातात, हे लपवत नाही. पण कागदावरचा हा आकडा दुपारी घेतलेल्या रक्ताचा आहे, नळी टाकायच्या आधीचा. जिथून विष येत होतं ती वाट संध्याकाळी मोकळी झाली. त्याचा परिणाम रक्तात दिसायला उद्याची सकाळ लागेल. सकाळी लघवी वाढली नाही, बीपीचं औषध आणखी वाढवावं लागलं, तर मीच तुम्हाला बोलवून घरी न्या म्हणेन. आजची रात्र द्या."

मामांनी विचारलं, "रात्रीत काही झालं तर?" झालं तर झालं, तेही होऊ शकतं, असं सांगितलं. ते खाली जाऊन गाडीवाल्याशी बोलून आले. गाडी थांबली, पण परत गेली नाही.

पुढचे दिवस

| वेळ | लॅक्टेट | प्रोकॅल्सिटोनिन | प्लेटलेट | क्रिएटिनिन | सोफा |
|---|---|---|---|---|---|
| दाखल | ७.८ | १०० पेक्षा जास्त | ८४,००० | ३.१ | १३ |
| ८ तास | ९.१ | – | – | – | – |
| २४ तास | ४.२ | – | ५१,००० | ३.६ | १४ |
| ४८ तास | २.४ | ६२ | २९,००० | ३.९ | १४ |
| ७२ तास | १.६ | – | ३३,००० | ३.४ | ११ |
| ९६ तास | १.३ | १७ | ५८,००० | २.७ | ६ |
| आठवा दिवस | – | २.१ | १,४६,००० | १.८ | – |

सकाळी लघवी तासाला चाळीस मिलि होती. अ‍ॅड्रेनॅलिन कमी करत नेलं तसं लॅक्टेटही भराभर उतरलं. रात्रीच्या चढात औषधाचा वाटा मोठा होता, हे त्यावरून कळलं. गाडी दुपारी गावाकडे गेली.

खरा पेच ४८ तासांवर होता, आणि या प्रकरणातला सर्वांत शिकण्यासारखा भाग मला तोच वाटतो. त्या सकाळी लॅक्टेट २.४. बोटाचा रंग दोन सेकंदांत परत येत होता. बाई पूर्ण शुद्धीवर, चहा मागत होत्या. तरी सोफा १३ वरून १४ वर गेलेला. वर सांगितलेल्या बेल्जियमच्याच अभ्यासात पहिल्या ४८ तासांत सोफा वाढला तर मृत्यूचं प्रमाण निदान ५० टक्के, मग पहिला आकडा काहीही असो. त्या नियमाने पाहिलं तर रुग्ण बिघडत होता. खाटेवर पाहिलं तर सुधारत होता.

दोन्हींचा मेळ आकडे उलगडल्यावर बसतो. सोफात रक्तदाबाच्या रकान्यात नॉरअ‍ॅड्रेनॅलिनचा डोस किलोमागे मिनिटाला ०.१ मायक्रोग्रॅमच्या वर गेला की चार गुण. मग तो ०.१५ असो की ०.३५. आमचा डोस निम्म्याहून खाली आला होता, पण गुण चारच राहिले. शुद्ध आली म्हणून एक गुण कमी झाला. वाढले ते क्रिएटिनिन आणि प्लेटलेटचे गुण, आणि हे दोन्ही आजाराच्या मागून चालतात. किडनीला पहिल्या दिवशी बसलेला मार क्रिएटिनिनमध्ये दोन-तीन दिवसांनी पूर्ण दिसतो. प्लेटलेटही आधी खपतात आणि अस्थिमज्जेतून नव्या यायला दिवस लागतात. लॅक्टेट तासातासाला बदलतं, प्रोकॅल्सिटोनिन दिवसादिवसाला, क्रिएटिनिन आणि प्लेटलेट त्याच्याही मागे. एकाच सकाळी काढलेल्या या चार आकड्यांनी चार वेगवेगळ्या वेळांची हकीकत सांगितली होती.

तरीही प्लेटलेट २९,००० या आकड्याने मला त्या दिवशी बेचैन केलं, हे नमूद करतो. सेप्टिक शॉकमध्ये साध्या रक्ततपासणीतलं मला सर्वांत बोलकं वाटणारं मानक तेच आहे. पहिल्या दिवसांतली घसरण बहुतेकांत दिसते. चौथ्या-पाचव्या दिवशीही त्या वर यायला तयार नसतील तर रुग्ण हातातून जातोय असं समजून चालावं, आणि पू कुठे उरलाय का ते पुन्हा शोधावं. म्हणून आम्ही पुन्हा सोनोग्राफी केली. स्टेंट जागेवर, किडनीची फूग ओसरलेली, नवा पू नाही.

नातेवाइकांना मात्र प्लेटलेटने वेगळ्याच कारणाने हादरवलं. डेंगीच्या साथींनी मराठवाड्यातल्या घराघरांत "पेशी" हा विषय नेऊन ठेवला आहे. पेशी तीस हजारांच्या आत, म्हणजे पिशवी लावायलाच हवी, अशी सगळ्यांची खात्री. मुलगा रक्तपेढीत चौकशी करून आला, कुणीतरी पपईच्या पानांचा रस डब्यात घेऊन आलं. रक्त कुठून जात नसेल तर दहा हजारांच्या खाली, आणि रक्तस्रावाचा धोका मोठा असेल तर वीस हजारांच्या खाली गेल्याशिवाय पिशवी देत नाहीत, हे समजावण्यात त्या दिवसाचा बराच वेळ गेला. पिशवी दिली नाही. रस परत गेला.

पांढऱ्या पेशींचा उलटा प्रकार झाला. पहिल्या दिवशी ३,१०० होत्या तेव्हा घरच्यांना वाटलं, पेशी वाढलेल्या नाहीत म्हणजे "इन्फेक्शन" फार नसावं. एवढ्या तापात त्या कमी असणं हेच वाईट लक्षण, कारण मज्जा पुरवठ्याला कमी पडत असते. दुसऱ्या दिवशी त्या २४,००० झाल्या, तेव्हा बाहेर घबराट आणि आत आम्हाला थोडं बरं वाटलेलं. त्यातही काही वाटा हायड्रोकॉर्टिसोनचा. न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींच्या दोन प्रकारांचं गुणोत्तर हल्ली भाकितासाठी फार वापरतात, पण स्टेरॉइड सुरू झाल्यावर त्याच्याकडे पाहण्यात अर्थ नसतो.

लाल पेशींच्या आकारातला फरक सांगणारा आरडीडब्ल्यू हा आकडा दर सीबीसीत फुकट छापून येतो, आणि तो जास्त असलेल्यांत मृत्यू जास्त, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. आमच्या रुग्णात तो १९ होता. पण तो शॉकमुळे की वर्षानुवर्षांच्या लोहाच्या कमतरतेमुळे? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला आहे. अशा लोकसंख्येत हे मानक आजार सुरू होण्याआधीच बिघडलेलं असतं. अल्ब्युमिनचंही तेच. २.१ मध्ये किती सेप्सिस आणि किती चहा-भाकरीवर काढलेले हंगाम, ते वेगळं करता येत नाही. दुसऱ्या देशातल्या रुग्णांवर ठरवलेल्या मर्यादा आपल्या बायांना लावताना हात आखडता घ्यावा, असं माझं मत आहे.

सेप्सिससाठी सुचवलेल्या रक्तमानकांची यादी प्रचंड आहे. २०१० च्या एका आढाव्यात १७८ मोजली होती, दहा वर्षांनी त्याच विषयाच्या आढाव्यात २५८. इंटरल्युकिन-६, प्रेसेप्सिन, एसयूपार, अ‍ॅड्रेनोमेड्युलिनचा तुकडा. यांतल्या काहींनी भाकितात चांगली चुणूक दाखवली आहे. पण जिल्ह्याच्या ठिकाणी ती रात्री दहाला मिळत नाहीत, आणि मिळाली असती तरी त्या रात्रीचा निर्णय बदलला असता असं मला वाटत नाही.

अँटिबायोटिक कधी थांबवलं

रक्त आणि लघवी दोन्हीत ई. कोलाय उगवले, ईएसबीएल (बरीच अँटिबायोटिकं निकामी करणारं विकर) बनवणारे, मेरोपेनेमला दबणारे. प्रोकॅल्सिटोनिन आम्ही एकूण चारदा केलं. खासगी प्रयोगशाळेत एका वेळचे दीड ते तीन हजार जातात. रोज करायची ती तपासणी नव्हे. दाखल होताना, ४८ तासांनी, ९६ तासांनी आणि थांबवायच्या निर्णयाआधी, एवढं पुरतं.

इथे एक बारकावा. पहिला रिपोर्ट "१०० पेक्षा जास्त" असा बंद येतो तेव्हा टक्केवारीचा उतार नीट काढता येत नाही. खरा आकडा १०५ असेल तर ४८ तासांचं ६२ म्हणजे जेमतेम ४० टक्के उतार. २०० असेल तर जवळपास ७०. नमुना पातळ करून पुन्हा मोजायला प्रयोगशाळेला सांगता येतं, तेवढी चौकशी करावी. ९६ तासांचं १७ आल्यावर हा प्रश्न उरला नाही, कारण पहिला आकडा काहीही धरला तरी उतार ८० टक्क्यांहून अधिक भरत होता.

आठव्या दिवशी २.१ असताना मेरोपेनेम थांबवलं. सहकाऱ्याचा आक्षेप होता की ०.५ च्या खाली येईपर्यंत द्यावं. नेदरलँड्समधल्या मोठ्या चाचणीत थांबवण्याचा निकष "८० टक्के उतार किंवा ०.५ च्या खाली" असा होता, दोन्हींपैकी एक, आणि त्या गटात अँटिबायोटिकचे दिवस कमी होऊनही मृत्यू वाढले नाहीत, उलट थोडे कमीच होते. उलट्या दिशेने मात्र हे चालत नाही. आकडा उतरत नाही म्हणून आणखी जड अँटिबायोटिकं चढवत जाण्याचा प्रयोग डेन्मार्कमध्ये झाला. २०११ साली त्याचे निकाल आले. त्यात जीव वाचले नाहीत, अवयवांचं नुकसान आणि आयसीयूतले दिवस मात्र वाढले. आणि शॉकमधल्या रुग्णाला पहिला डोस देण्यासाठी प्रोकॅल्सिटोनिनची वाट पाहायची, हे तर कुठेच बसत नाही.

घरी जाताना आणि नंतर

चौदाव्या दिवशी त्या चालत, पण मुलाच्या आधाराने, घरी गेल्या. मांड्या निम्म्या झालेल्या. डाव्या पायाच्या दोन बोटांची टोकं काळी पडून सुकली होती. शॉक आणि रक्त गोठवणाऱ्या यंत्रणेचा बिघाड यांचा तो परिणाम, त्यात नॉरअ‍ॅड्रेनॅलिनचाही वाटा. ती कापायची घाई केली नाही. इन्सुलिन सुरू होतं, क्रिएटिनिन १.४.

आम्हाला काळजी वेगळीच होती. पोटात डीजे स्टेंट होता. ऊसतोडीचं कुटुंब फडाबरोबर हलतं, आणि विसरलेला स्टेंट काही महिन्यांत क्षारांनी मढून मोठ्या शस्त्रक्रियेचं काम होऊन बसतो. म्हणून डिस्चार्ज कार्डावर पहिल्या पानाला मोठ्या अक्षरांत "आत नळी आहे, काढायची आहे" असं मराठीत लिहिलं आणि मुलाच्या नंबरखाली मुकादमाचाही नंबर घेतला. उचल फिटेपर्यंत कुटुंब कुठे आहे ते त्याला नक्की माहीत असणार होतं. नवरा आणि मुलाने मिळून राहिलेला हंगाम ओढला. बाईंच्या वाटची उचल मुकादमाने पुढच्या वर्षावर टाकली.

सहा आठवड्यांनी ते आले. लघवीचं कल्चर स्वच्छ, क्रिएटिनिन १.२. दुर्बिणीतून खडा फोडला आणि स्टेंट काढला. भरती करताना मुलाने खिशातून घडी केलेला पहिला रिपोर्ट काढला आणि विचारलं, "ती शंभरवाली तपासणी परत करावी लागंल का?" गरज नाही म्हटलं. साखर आणि क्रिएटिनिन तीन महिन्यांनी गावाजवळच्या ग्रामीण रुग्णालयात करून घ्यायला लिहून दिलं.